लीथ स्ट्रीटवरील निळी हवेली

पिनांग बेटावरील जॉर्ज टाउन शहरात, लीथ स्ट्रीट नामक रस्त्यावर, च्योंग फात त्झे या चिनी धनाढ्याने एकोणिसाव्या व विसाव्या शतकांच्या संधिकाळी बांधविलेली हवेली आजही दिमाखात उभी आहे. 1840 मध्ये क्वांगतुंग प्रांतातील एका गरीब हक्का कुटुंबात जन्मलेला हा मनुष्य सोळाव्या वर्षाच्या सुमारास बटाव्हियास, म्हणजे आजच्या जकार्तास, आला; प्रारंभी पाणक्याचे काम, मग सासऱ्याच्या साहाय्याने व्यापार, डच फौजेस रसद, अफू व मद्य यांचे सरकारी मक्ते, मळे, आगबोटी आणि 1892 मध्ये मायदेशी काढलेला द्राक्षासवाचा कारखाना, अशी त्याची चढती कमान होती. चिनी बादशाहीने त्यास वाणिज्यदूताचा हुद्दाही दिला. जर्मन आगबोटीवर चिनी म्हणून वरच्या वर्गाचे तिकीट नाकारले गेल्याने त्याने स्वतःच्या बोटी काढल्या, ही आख्यायिका आमच्या मार्गदर्शकाने रंगवून सांगितली; अफूचा मक्ता मात्र एका वाक्यात उरकला.

वास्तूत 38 खोल्या, 5 चौक व 220 खिडक्या असून लोखंडी खांब ग्लासगोचे, फरशी इंग्लंडची, आणि भिंतींच्या चुन्यात कालवलेली नीळ हिंदुस्थानातून येणारी. परंतु माझी दृष्टी खिळली ती वळचणीवरच्या चित्रकामावर. या कामासाठीच मुद्दाम घडविलेले पातळ, रंगीत चिनी मातीचे वाडगे फोडून, त्यांचे तुकडे पकडीने पाकळीच्या, पिसाच्या वा खवल्याच्या आकारात कातरायचे आणि चुन्याच्या गिलाव्यात एकेक बसवून फुले, पक्षी व पुराणपुरुष साकारायचे, अशी ही चिकाटीची विद्या. जीर्णोद्धाराच्या वेळी तिचे जाणते कारागीर चीनमधून आणावे लागले, यातच तिच्या आजच्या दशेचे वर्तमान आले.

1916 मध्ये धनी निवर्तला. शेवटचा पुत्र जिवंत असेतो घर विकू नये, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवल्याने वारसांस ते ना विकता आले, ना सांभाळता; भाडेकरू शिरले, छपरे गळू लागली. तथापि आजूबाजूच्या वाड्यांवर कुदळ पडत असता हे घर वाचले, तेही त्याच कलमामुळे. 1989 मध्ये तो पुत्र वारल्यावर वास्तुप्रेमी मंडळींनी ते घेऊन सजविले, आणि 2000 मध्ये युनेस्कोने त्यांचा गौरव केला. आता तेथे हॉटेल आहे आणि आम्हा पाहुण्यांना घोळक्याने फिरविण्यात आले. तक्रार एवढीच, की ज्या श्रमिकांनी अंगदुखीवर उतारा म्हणून अफूची नळी ओढून या मक्तेदारांची तिजोरी भरली, त्यांनाही मार्गदर्शकाने एखादे सावकाश वाक्य द्यावे.