संगणकाची कणगी का भरते?

‘वडखळ’ हा शब्द वहीत लिहायला बोटभर जागा पुरते. संगणकात जागा मोजतात ती बाइटमध्ये. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणून ‘वडखळ’ला १२ बाइट. ‘पेण’ला किती? प, मात्रा आणि ण मिळून ९. ‘रोहा’चे गणित तुम्ही करा.

आता समजा, २०० पानांचे पुस्तक आहे आणि दर पानावर २,००० चिन्हे आहेत. त्याला १२ लाख बाइट लागतील. १ टेराबाइटच्या, म्हणजे १ लाख कोटी बाइटच्या हार्ड डिस्कवर अशी ८ लाखांहून अधिक पुस्तके मावतील! मग घरचा संगणक ‘जागा नाही’ असे का म्हणतो?

कारण चित्रे. पडद्यावर १९२० × १०८० ठिपके असले आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एका चित्राला ६२,२०,८०० बाइट लागतात. म्हणजे पाच पुस्तके! आयबीएमच्या १९५६ सालच्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. हे एक चित्रही तिच्यात बसले नसते. सेकंदाला अशी २५ चित्रे साठवली, तर पावणेदोन तासांत टेराबाइट संपेल. म्हणूनच चित्रफितीत न बदललेला भाग पुन्हापुन्हा लिहीत नाहीत. तरीही घरच्या डिस्कवर मोठी जागा अडवतात त्या चित्रफिती आणि खेळ.

नवी १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट दिसते. दुकानदाराने फसवले का? नाही. कारखानदार १ गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर विंडोज १०२४ × १०२४ × १०२४ बाइट. माप निराळे, धान्य तेवढेच.

पण कणगी मोठी म्हणून स्वयंपाक लवकर होतो का? डिस्क ही कणगी, तर रॅम म्हणजे चुलीजवळची जागा. ती अपुरी पडली, की संगणक काही माहिती डिस्कवर ठेवतो आणि पुन्हा आणतो. म्हणून डिस्कवर थोडी जागा नेहमी मोकळी हवी.

या ये-जा करण्यातच वेळ जातो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला हवी ती जागा समोर आणायला सरासरी ४ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यात रॅम हजारो वेळा वाचून होते! वडखळ नाक्यावर, अलिबागचा रस्ता फुटतो तेथे, वाहनांची रांग लागली, की वेगवान मोटारही थांबतेच. प्रोसेसरचेही तसेच होते. एसएसडीत फिरणारी तबकडी नसल्याने हा नाका बराच मोकळा होतो.

तेव्हा पैसे खर्च करण्यापूर्वी निदान करा. टास्क मॅनेजर उघडा. मेमरी सतत भरलेली असेल, तर रॅम वाढवा. डिस्क सतत १०० टक्के कामात असेल, तर एसएसडीचा विचार करा. केवळ जागाच संपली असेल, तर चित्रफितींची प्रत दुसरीकडे ठेवून त्या पुसा आणि रिसायकल बिन रिकामी करा. तोवर जागा सुटत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण आणि ठराविक प्रोसेसर लागतात. प्रोसेसरच जुना असेल, तर मोठी डिस्क घेऊन ती अट पुरी होत नाही. अशा संगणकावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती चालते का, ते पाहावे. मोडीत काढण्याची घाई कशाला?