मोठ्या डॉक्टरांची फी : विचारण्यात संकोच कसला?

मी बँकेत लिपिक आहे. सोनेतारण कर्जाच्या खिडकीवर काही वर्षे काम केल्यामुळे एक गोष्ट नजरेस आली. सकाळी बँक उघडताच जे लोक घाईघाईने दागिना घेऊन येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात दवाखान्याची फाईल असते. "साहेब, अकरा वाजेपर्यंत डिपॉझिट भरायचे आहे," असे ते सांगतात. किती भरायचे ते त्यांना माहीत असते. मात्र एकूण किती लागेल, असे विचारले तर ते गप्प होतात. त्यांनी ते कोणाला विचारलेलेच नसते.

दुसऱ्यांचे कशाला सांगू? २०१९ साली आमच्याच घरी हे घडले. माझे थोरले बंधू उमरेडकडे शेती करतात. त्यांच्या कमरेत असह्य कळा येऊ लागल्या. सोनोग्राफीत मूत्रनलिकेत खडा अडकल्याचे निघाले. गावाकडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली व आम्ही नागपुरात एका मूत्रविकार सर्जनकडे गेलो. तपासणी फी ८०० रुपये होती, ती खिडकीवर भरली. सर्जननी फोटो पाहिले, दुर्बिणीतून लेसरने खडा फोडावा लागेल असे सांगितले आणि बोलता बोलता म्हणाले, "ऑपरेशन पंचेचाळीस हजारांत होऊन जाईल." आम्ही मान डोलावली. बाहेर आल्यावर मी भाऊंना म्हणालो, सगळे मिळून किती ते विचारायला हवे होते. ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या डॉक्टरले पैशाचं कसं विचारावं?" खरे सांगायचे तर माझीही जीभ रेटली नव्हती. दिवसभर लोकांचे हिशेब तपासणारा मी, त्या खुर्चीवर बसून आठशे रुपयांची पावतीसुद्धा मागू शकलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी बिल आले ८५,४०० रुपयांचे. पैसे कमी पडले म्हणून भाऊंनी बैलजोडी विकली, तीही पेरणीच्या तोंडावर.

ते बिल मी घरी आणून ओळ न् ओळ वाचले. सर्जनची फी २५,०००, भूलतज्ज्ञ ६,००० व शस्त्रक्रियागृहाचे १४,००० मिळून बरोबर ४५,००० होत होते. म्हणजे डॉक्टर खोटे बोलले नव्हते. त्यांनी 'ऑपरेशन' म्हटले होते आणि आम्ही 'सगळा खर्च' असे ऐकले होते. बाकी ४०,४०० रुपये असे होते : लेसर यंत्राचा वापर १०,०००, खोली तीन दिवसांची ७,५००, नर्सिंग व ड्यूटी डॉक्टर ३,६००, औषधे व साहित्य १३,८५०, रक्त-लघवी व इतर तपासण्या ५,४५०. एवढ्यावरही संपले नाही. खडा फोडल्यानंतर मूत्रनलिकेत एक बारीक नळी ठेवतात, तिला डी.जे. स्टेंट म्हणतात. ती काही आठवड्यांनी काढावीच लागते, विसरून चालत नाही. ती काढण्याचे आणखी ६,००० रुपये लागले. या सहा हजारांबद्दल आम्हाला शेवटपर्यंत कल्पना नव्हती.

म्हणून सभासद बंधू-भगिनींना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना (कारण घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर दवाखान्यात आता तेच जातात) माझी पहिली सूचना अशी की, सर्जनच्या तोंडचा आकडा आणि रुग्णालयाचे बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्जन आपल्या कामाचे बोलतात. खोली, औषधे, तपासण्या, हाडात बसवायचा रॉड किंवा प्लेट, पोटातून काढलेला तुकडा तपासायला पाठवण्याचा खर्च, या सर्वांचे दर रुग्णालयाच्या कार्यालयात असतात. तेव्हा डॉक्टरांच्या खोलीतून उठल्यावर थेट बिलिंगच्या टेबलावर जावे आणि अंदाजपत्रक लेखी मागावे. त्यात काय धरले आहे यापेक्षा काय धरलेले नाही, हे आधी विचारावे. गुंतागुंत झाली, अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, तर दिवसाला किती? ऑपरेशननंतरची पहिली तपासणी फुकट की फी लागेल? टाके, नळी, प्लास्टर काढण्याचे वेगळे पैसे आहेत काय? हे विचारताना कोणी कपाळाला आठ्या घातल्या तर घालू द्याव्यात.

असे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान, ही समजूत चुकीची आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांसाठी जी आचारसंहिता केली, तिच्यातच म्हटले आहे की डॉक्टरने आपली फी उपचारापूर्वी सांगावी, उपचार सुरू झाल्यावर नव्हे. रुग्ण पाठविल्याबद्दल दुसऱ्या डॉक्टरला कमिशन देणे किंवा घेणे यालाही तीत मनाई आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम २०२१ साली सुधारले गेले. त्यानुसार रुग्णांच्या हक्कांची सनद व प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे खाजगी रुग्णालयांवर बंधनकारक आहे. पुढच्या वेळी रुग्णालयात गेलात की भिंतीवर तो फलक शोधा. नसेल तर शहरात महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे व जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करता येते. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

आता खोलीचा प्रश्न. हा फार लोकांना समजत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुष्कळ खाजगी रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की फक्त खोलीभाडे बदलत नाही, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, शस्त्रक्रियागृहाचे दर असे सगळेच वर सरकते. तोच डॉक्टर, तेच टेबल, तेच ऑपरेशन, पण जनरल वॉर्डातल्या रुग्णाला एक बिल आणि स्वतंत्र खोलीतल्या रुग्णाला दुसरे. 'पाहुणे येतील, बरे दिसेल' म्हणून स्वतंत्र खोली घेणाऱ्याला हे ठाऊक नसते.

विमा असेल तर हा फटका आणखी जोराने बसतो. समजा तुमची पॉलिसी तीन लाखांची आहे आणि तीत खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. तुम्ही ६,०००ची खोली घेतली. तुम्हाला वाटेल की वरचे तीन हजार आपण भरू, बाकी कंपनी देईल. तसे होत नाही. खोली दुप्पट घेतली म्हणून कंपनी सर्जनची फी, शस्त्रक्रियागृह वगैरे रकमाही त्याच प्रमाणात कापते, म्हणजे निम्म्याच देते. औषधे, तपासण्या व शरीरात बसविलेले साहित्य यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असे विमा नियामकाने २०२० साली ठरवून दिले आहे. खोलीप्रमाणे दर न बदलणाऱ्या रुग्णालयातही ती लावता येत नाही. पण सर्जनची फी कापली गेली तरी पंधरा-वीस हजारांचा खड्डा पडतो. माझ्या एका सहकाऱ्याने पॉलिसीतली ही ओळ डिस्चार्जच्या दिवशी प्रथम वाचली! पॉलिसी भरती होण्यापूर्वी वाचावी. विमा कंपनीने कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात व डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकात आहे. संध्याकाळपर्यंत ताटकळत बसविले तर त्याचा उल्लेख करावा.

भाऊंच्या बाबतीत मात्र मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्याकडे केशरी शिधापत्रिका होती. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया होत्या, आणि त्या योजनेतले एक रुग्णालय त्याच शहरात होते. आम्ही गेलो ते रुग्णालय योजनेत नव्हते. बिल भरल्यानंतर मी चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की, आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत, ऑपरेशनपूर्वीच मंजुरी घ्यावी लागते. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ साली राज्यभर गेली व २०१७ साली तिला सध्याचे नाव मिळाले. २०२३ च्या शासन निर्णयाने ती शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्यात आली आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण ठरले. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाची व्यक्ती बसते. प्रथम तिला भेटावे, १५५३८८ या क्रमांकावरही चौकशी होते. योजनेत ठरावीक आजार व ठरावीक शस्त्रक्रियाच आहेत, आणि त्यांतल्या काही फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या असतात, म्हणून आपली शस्त्रक्रिया तीत आहे की नाही हे नावानिशी विचारावे. मोठ्या डॉक्टरांची तपासणी फी भरण्यापूर्वीच हा फोन करावा.

दुसरा मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा. नावाने पंचतारांकित वाटणारी कित्येक रुग्णालये सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढविली जाते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका व आधार घेऊन तेथील समाजसेवकांना भेटावे लागते. 'खाटा शिल्लक नाहीत' हे उत्तर ठरलेले असते. अशा वेळी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे लेखी अर्ज द्यावा. आणि नागपूरच्या मेडिकल, मेयोसारखी शासकीय रुग्णालये आहेतच. तेथे वेळ लागतो, रांगा असतात, पण मोठे सर्जन तेथेही आहेत. आपल्यातले जरा पगारदार झालेले लोक 'मेडिकल'चे नाव काढले की नाक मुरडतात, हे मला पटत नाही.

पैसे भरण्याविषयी बँकवाला म्हणून थोडे सांगतो. डिपॉझिटची पावती रुग्णाच्या नावाने व भरती क्रमांकासह घ्यावी. "सर्जनची फी वेगळी, रोख द्या" असे कोणी म्हटले तर तिचीही पक्की पावती मागावी. रक्कम रुग्णालयाच्या खात्यावर भरावी, कोणाच्या वैयक्तिक नंबरवर नव्हे. दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई केली आहे, तेव्हा मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्यावी. रोज संध्याकाळी 'आजपर्यंतचे बिल' मागण्याची सवय ठेवावी, शेवटच्या दिवशी धक्का बसत नाही. हृदयातील स्टेंट व गुडघ्याचे सांधे यांच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. बसविलेल्या वस्तूच्या खोक्यावरील स्टिकर फाईलला लावून घ्यावे व बिलातील किमतीशी ताडून पाहावे. सर्व कागद जपावेत. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला आहे. पण ग्राहक आयोगापुढे कागद बोलतो, आपले तोंड नव्हे. केसपेपरच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

एक सावधगिरीचा शब्द. हे सगळे ठरवून करायच्या ऑपरेशनला लागू आहे. अपघात, छातीत कळ, बाळंतपणातला रक्तस्राव अशा वेळी दरपत्रक मागत बसू नये, जवळच्या रुग्णालयात न्यावे. जखमीला तातडीची मदत देणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खाजगी, कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवले आहे.

गेल्या वर्षी वहिनींच्या पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन ठरले. मी सोबत होतो, पण बोलल्या त्या वहिनीच. तपासणी संपताच त्यांनी पदराला बांधलेला कागद सोडला आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, तुमची फी किती, आणि घरी जाईपर्यंत सगळं मिळून किती? लिहून देता का?" डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सहायकाला बोलावले, जनरल वॉर्ड व स्वतंत्र खोली असे दोन रकाने करून अंदाज लिहून दिला आणि काढलेल्या पित्ताशयाच्या तपासणीचे पैसे यात धरलेले नाहीत, हे आपणहून खाली लिहिले. शेवटचे बिल त्या अंदाजापेक्षा अकराशे रुपयांनी जास्त आले. तो कागद मी जपून ठेवला आहे. कोणा सभासदाला नमुन्यादाखल पाहायचा असल्यास रविवारी सकाळी संस्थेच्या कार्यालयात मी असतो.