स्विचाची खिडकी

भाईंदर स्थानकावर सकाळच्या वेळीं उभें राहिलें असतां एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. हजारों माणसें गाडीकडे पाहत असतात. परंतु ती गाडी कोणत्या रुळावर जावयाची हें ठरविणाऱ्या सांध्यांकडे कोणीहि पाहत नाहीं. सांधा नीट चालतो तोंपर्यंत त्याची आठवण होत नाहीं. तो अडला म्हणजे मात्र चर्चगेटपासून विरारपर्यंत सर्वांस होते. आमच्या शाळेच्या संगणकवर्गांत, नवघर मार्गावरील दुकानांत, आणि ज्या इमारतींत आमचे विद्यार्थी राहतात त्यांच्या जिन्याखालीं असाच एक सांधा बसविलेला असतो. त्यास स्विच म्हणतात. त्या स्विचाविषयीं, आणि विशेषतः त्यास ठेविलेल्या एका खिडकीविषयीं, चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यास एक कारणहि घडलें. तें पुढें येईलच.

दिसण्यांत स्विच म्हणजे एक चपटी पेटी. तिला आठ, सोळा, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस भोकें असतात, आणि एकेका भोकांत एकेका संगणकाची तार येते. संगणकानें पाठविलेला मजकूर लहान लहान तुकड्यांनीं निघतो, व प्रत्येक तुकड्यावर तो कोणास पोंचवावयाचा त्याचा पत्ता असतो. स्विच तो पत्ता वाचतो आणि ज्या तारेच्या टोकास तो संगणक आहे त्याच तारेंत तुकडा सोडतो. हें काम इतक्या त्वरेनें व्हावें लागतें कीं, त्याकरितां पेटींत एक स्वतंत्र चिप असते. तिच्या जोडीला देखरेखीसाठीं एक प्रोसेसर असतो. तो मात्र बेताच्याच शक्तीचा.

कोणतें भोंक चालू ठेवावें, कोणतें बंद करावें, कोणत्या वर्गाचे संगणक इतरांपासून निराळे ठेवावे, हे हुकूम व्यवस्थापकास देतां यावे म्हणून स्विचांत एक लहानसें वेब-पान ठेविलेलें असतें. ब्राउझरमध्यें स्विचाचा पत्ता लिहिला आणि परवलीचा शब्द दिला कीं तें पान उघडतें. हीच ती खिडकी. सोय मोठी आहे, यांत शंका नाहीं. परंतु खिडकीवर बसलेला कारकून म्हणजे तोच बेताच्या शक्तीचा प्रोसेसर. शिवाय परवलीचा शब्द हा खिडकी ठोठावल्यानंतर विचारला जातो. ‘आपण कोण?’ एवढें विचारण्यासाठींसुद्धां कारकुनास आधीं जागेवरून उठावें लागतें. सर्व अनर्थाचें मूळ येथें आहे.

या अनर्थास इंग्रजींत ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ असें नांव आहे. आपण त्यास सेवा खुंटविणें म्हणूं. यांत चोर कांहीं चोरून नेत नाहीं. ज्याचा हक्क आहे त्याला काम मिळूं देत नाहीं, एवढेंच. त्याच्या रीति मुख्यतः तीन आहेत.

पहिली रीति गर्दीची. तिकिटाच्या एकाच खिडकीपुढें पन्नास टवाळखोर उभे राहिले, आणि प्रत्येकजण भाडें विचारून, तिकीट न घेतां, पुन्हां रांगेच्या शेवटीं जाऊं लागला, तर खऱ्या प्रवाशाची गाडी चुकणारच. जुलै 2016 मध्यें मुंबईंतील इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांवर असाच मारा झाला. सेकंदाला 200 गिगाबिट इतका निरर्थक मजकूर येऊन आदळत असल्याचें त्या वेळीं सांगण्यांत आलें, आणि पोलिसांनीं गुन्हा नोंदविला. मोठ्या कंपन्यांची ही गत. मग जिन्याखालच्या पेटींतील कारकुनास गुदमरविण्यास एकच खोडकर संगणक पुरतो.

दुसरी रीति संथपणाची. एक गृहस्थ खिडकीशीं येऊन ‘एक’ म्हणून थांबतो, खिसे चाचपतो, ‘वसई’ म्हणून पुन्हां थांबतो. कारकून सभ्य असल्यामुळें वाक्य पुरें होण्याची वाट पाहत बसतो. 2009 सालीं रॉबर्ट हॅन्सेन यांनीं याच तत्त्वावर चालणारा ‘स्लोलोरिस’ नांवाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. लोरिस हा अतिशय मंद चालीचा प्राणी आपल्या देशाच्या ईशान्येकडील अरण्यांतहि आढळतो. त्यावरून हें नांव. अर्धवट विनंत्या पाठवावयाच्या आणि त्या कधींच पुऱ्या करावयाच्या नाहींत, एवढीच त्यांतील युक्ति. मोठ्या सर्व्हरास शेंकडों अर्धवट विनंत्या धरून बसतां येतें. स्विचाच्या खिडकींत त्या थोड्याच मावतात.

तिसरी रीति वांकड्या प्रश्नाची, आणि विद्यार्थ्यांस तीच सर्वांत शिकण्यासारखी आहे. ब्राउझरमध्यें लिहावयाच्या पत्त्यांत मोकळी जागा सोडतां येत नाहीं. म्हणून तिच्या ऐवजीं टक्क्याची खूण व पुढें दोन अंक, म्हणजे %20, असें लिहिण्याचा संकेत आहे. खूण दिसली कीं पुढचीं दोन अक्षरें अंक म्हणून वाचावीं, असें यंत्रास शिकविलेलें असतें. मे 2000 मध्यें असें जाहीर झालें कीं, सिस्को कंपनीच्या अनेक राउटरांस व स्विचांस ‘%%’ अशा दोन खुणा असलेला पत्ता विचारला, तर आंतील प्रोग्राम एकाच जागीं गरगर फिरत राहतो. दोन मिनिटांनीं त्याच्यावर पहारा ठेवणारें घड्याळ सर्व यंत्र पाडून पुन्हां सुरू करी. क्वचित् तें सुरूच होत नसे, आणि विजेचें बटण बंद करून पुन्हां लावावें लागे. खिडकीवरचा कारकून पडला आणि त्याच्याबरोबर सांधाहि थांबला. टक्क्यापुढें अंकच येणार, असें प्रोग्राम लिहिणारानें गृहीत धरलें होतें. उत्तरपत्रिकेंत भागाकार करतांना भाजक शून्य तर नाहीं ना, हें पाहण्यास विसरणारे आमचे विद्यार्थी आणि तो प्रोग्रामकर्ता यांच्यांत फारसें अंतर नाहीं.

तो दोष दुरुस्त झाला. परंतु त्या जातीचे दोष संपले नाहींत. मे 2023 मध्यें याच कंपनीनें लहान कचेऱ्यांकरितां बनविलेल्या आपल्या स्विचांच्या वेब-खिडकींतील नऊ दोष जाहीर केले. कांहींतून यंत्र बंद पाडतां येई, तर कांहींतून त्याचा ताबाच घेतां येई. नव्या यंत्रांसाठीं दुरुस्ती निघाली; जुन्या कांहीं यंत्रांसाठीं मात्र ती निघणार नाहीं, असेंहि सांगण्यांत आलें. म्हणजे पेटीवरचे हिरवे दिवे लुकलुकत आहेत एवढ्यावरून ती सुरक्षित आहे, असें मानतां येत नाहीं.

आतां आमच्याकडे घडलेली हकीकत. गेल्या उन्हाळ्यांत अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज भरण्याकरितां आमचा संगणकवर्ग पालकांस खुला ठेविला होता. सकाळीं अकराच्या सुमारास सर्व संगणकांचें इंटरनेट एकदम थांबलें. स्विच बंद करून पुन्हां लावावा, दहा मिनिटें काम चालावें, कीं पुन्हां तेंच. एका दिवसाची मजुरी सोडून आलेले एक पालक मुलीची गुणपत्रिका हातांत धरून दुपारपर्यंत बांकावर बसून होते. त्यांनीं एका शब्दानेंहि तक्रार केली नाहीं. तेंच आम्हांस अधिक लागलें. शेवटीं नववींतील एक मुलगा दाराशीं येऊन म्हणाला, “सर, हें माझ्यामुळें झालें असेल.” आदल्या दिवशीं त्याला स्विचाचें पान सापडलें होतें. तें किती वेळां उत्तर देतें हें पाहण्यासाठीं त्यानें कोपऱ्यांतील संगणकावर एक लहानसा प्रोग्राम लिहून चालू केला, आणि तो बंद करावयाचा राहिला. संगणक सकाळीं पुन्हां सुरू होतांच प्रोग्रामहि आपोआप सुरू होई, अशी योजनाहि त्यानेंच हौसेनें केली होती.

आम्ही मुलास रागें भरलों. परंतु घरीं जातांना मनांत दुसरेच प्रश्न येऊं लागले. ती खिडकी मुलांच्या संगणकांवरून दिसावी अशी कोणीं ठेविली? परवलीचा शब्द कोणता होता? पेटीच्या तळाशीं छापलेला तोच. आंतील प्रोग्रामची नवी आवृत्ति कधीं घातली? पेटी बसविल्यापासून एकदांहि नाहीं. मुलाचा अपराध एका सकाळचा होता; आमचा तीन वर्षांचा.

ही हयगय आमच्या एकट्याचीच नव्हे. जुलै 2017 मध्यें भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारों मोडेम एका दुष्ट प्रोग्रामनें निकामी केले. त्यांवर कारखान्यांतून आलेला ‘अ‍ॅडमिन’ हाच परवलीचा शब्द तसाच राहिला होता. त्याच्या आदल्या वर्षीं ‘मिराई’ नांवाच्या प्रोग्रामनें अशाच साठांच्या आसपास ठराविक शब्दांच्या जोड्या लावून जगभरचे कॅमेरे व इतर यंत्रें वश केलीं, आणि त्यांच्याकडून ऑक्टोबर 2016 मध्यें अमेरिकेंतील डिन या कंपनीवर मारा करविला. आपल्या इमारतीच्या फाटकावरचा कॅमेराहि त्याच जातीचा असतो, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

उपाय अवघड नाहींत. पहिला, छापील परवलीचा शब्द त्याच दिवशीं बदलावा. दुसरा, खिडकी लागत नसेल तर ती बंद करावी. लागत असेल तर ती व्यवस्थापकाच्या एकाच संगणकावरून दिसेल अशी ठेवावी, आणि इंटरनेटच्या बाजूनें तर कधींच उघडी ठेवूं नये. घरच्या राउटरांत ‘रिमोट मॅनेजमेंट’ नांवाची सोय असते. ती बंद आहे ना, हें पाहावें. तिसरा, आंतील प्रोग्रामची नवी आवृत्ति वेळोवेळीं घालावी, आणि ज्या यंत्रास ती मिळेनाशी झाली तें बदलावें. नुसता परवलीचा शब्द पुरत नाहीं, हें ‘%%’च्या हकीकतीवरून दिसलेंच आहे, म्हणून दुसरा उपाय आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतों. जी खिडकी परक्यास दिसतच नाहीं, ती त्याला ठोठावतां येत नाहीं.

विद्यार्थ्यांसहि एक सांगणें आहे. अधिकार असलेल्या माणसास संगणकाचा उपयोग करूं न देणें हें 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43 व्या कलमांत मोडतें, आणि तें बुद्धिपुरस्सर अप्रामाणिकपणें केलें तर 66 व्या कलमान्वयें तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊं शकतात. जिज्ञासा असावी, परंतु परवानगी मागून, आणि ज्या जाळ्यावर दुसऱ्याचें काम चाललें आहे तें सोडून निराळ्या यंत्रावर.

त्या पालकांच्या मुलीचा अर्ज त्याच दिवशीं सायंकाळीं भरला गेला. पुढच्या शनिवारीं तो नववींतील मुलगा आणि आम्ही मिळून स्विचाची खिडकी मुलांच्या संगणकांपासून तोडली, शब्द बदलला व नवी आवृत्ति घातली. सर्व कामास दोन तास लागले. पुढील उन्हाळ्यांत ज्यांना अर्ज भरावयाचे आहेत, त्यांनीं निःशंक मनानें यावें.