ऑनलाइन घेतलेल्या जुन्या बाईकची फ्रेम खराब निघाली तर?

समजा, धुळ्यातल्या एखाद्याने फोटो पाहून जळगावची एमएच १९ पासिंगची जुनी बाईक ऑनलाइन घेतली. मेकॅनिकने पेट्रोलची टाकी उतरवली आणि फ्रेमला तडा दिसला. आता काय?

सगळ्यात आधी बाईक चालवणं थांबवा. इंजिन, हँडल, चाकं सगळं फ्रेमवरच बसवलेलं असतं. तडा वाढला तर ताबा सुटू शकतो.

दुरुस्तीआधी फोटो काढा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा. फ्रेमवरचा चेसिस नंबर आरसीशी जुळतो का, तेही बघा.

विकणारा डीलर असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार करता येते. त्यासाठी जळगावला खेटे घालावे लागत नाहीत. ग्राहक राहतो त्या धुळे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. मुदत २ वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

विकणारी व्यक्ती खासगी असेल, तर मात्र हा मार्ग सहसा मिळत नाही. उरतो दिवाणी दावा, आणि मुद्दाम फसवलं असेल तर पोलीस. त्यामुळे पैसे देण्याआधीच ओळखीच्या मेकॅनिकला टाकीखालची फ्रेम दाखवलेली बरी.