झोपेच्या उंबरठ्यावरील भास आणि नार्कोलेप्सी

डोळे उघडे असतात, खोलीतील पंखा व खिडकी दिसत असते. परंतु हात हलत नाही आणि ओरडावे म्हटले तर आवाज फुटत नाही. छातीवर कोणी बसले आहे, दाराशी कोणी उभे आहे, अशी खात्रीच वाटते. काही क्षणांत, क्वचित काही मिनिटांत, सारे ओसरते. या अनुभवास निद्रा-पक्षाघात म्हणतात. अनेक पाहण्यांच्या २०११ मधील एकत्रित आढाव्यानुसार सुमारे ८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी तो येतो. अपुरी झोप, पाळ्यांची नोकरी किंवा उताणे झोपणे यांमुळे त्याची शक्यता वाढते. एवढ्यावरून तो आजार ठरत नाही.

मात्र असे प्रसंग वारंवार येत असतील आणि दिवसाही अनावर झोप येत असेल, तर नार्कोलेप्सी या विकाराची शंका घ्यावी लागते. फ्रेंच वैद्य जेलिनो यांनी १८८० मध्ये त्यास हे नाव दिले. साधारणतः दोन हजारांत एकास हा विकार असतो, असे मानले जाते.

या भासांचे मूळ स्वप्नांच्या झोपेत आहे. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेतील एका विशिष्ट अवस्थेची नोंद केली. या अवस्थेत बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात. त्याच वेळी मेंदूचा खालचा भाग हातापायांचे स्नायू शिथिल करून ठेवतो. अन्यथा माणूस स्वप्नात धावू लागताच खरोखरच पलंगावरून उठून धावला असता. निरोगी माणसात ही अवस्था झोप लागल्यावर सुमारे दीड तासाने येते. नार्कोलेप्सीत ती काही मिनिटांतच येऊ शकते. परिणामी जाग पूर्ण मावळण्यापूर्वीच स्वप्न सुरू होते आणि खऱ्या खोलीत स्वप्नातील माणसे वावरू लागतात.

छातीवरील ओझ्याचे कारणही यातच सापडते. या अवस्थेत श्वासपटल काम करीत राहते, पण बरगड्यांमधील स्नायू सैल पडतात. घाबरलेला माणूस दीर्घ श्वास घेऊ पाहतो आणि तो घेता येत नाही. भीतीशी संबंधित मेंदूचा भाग त्या वेळी विशेष सक्रिय असल्याने हा अनुभव बहुधा भयप्रद असतो. जपानमध्ये यास कानाशिबारी म्हणतात, तर कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर छातीवर म्हातारी बसते असे सांगतात. आपल्याकडे दोष भुताखेतांवर जातो. वर्णने मात्र आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहेत.

या विकाराचे कारण बऱ्याच अंशी उलगडले आहे. जाग टिकवून ठेवणारे ओरेक्सिन हे द्रव्य १९९८ मध्ये सापडले. ते तयार करणाऱ्या मेंदूतील मोजक्या पेशी नार्कोलेप्सीच्या रुग्णांत जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात, हे २००० मध्ये दिसून आले. हसता हसता अचानक गुडघे लुळे पडणे, मान कलणे हे लक्षणही या अभावातूनच उद्भवते.

खरी हानी होते ती निदानास लागणाऱ्या विलंबाने. विकार बहुधा किशोरवयात किंवा तरुणपणी सुरू होतो. वर्गात डुलक्या घेणारे मूल आळशी ठरते, रात्रीच्या भासांसाठी घरचे लोक देवऋषी गाठतात, तर काही रुग्णांवर स्किझोफ्रेनियाचे उपचार सुरू होतात. वास्तविक नार्कोलेप्सीतील भास प्रामुख्याने झोप लागताना किंवा जाग येताना होतात, आणि ते खरे नव्हते हे रुग्णास बहुधा मागाहून उमगते. त्यामुळे भास नेमका केव्हा होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

निदानासाठी रुग्णाला निद्राचिकित्सा केंद्रात एक रात्र झोपवून नोंदी घेतल्या जातात. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकी घेण्यास सांगतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागणे आणि किमान दोन वेळा लगेच स्वप्नावस्था येणे, ही नार्कोलेप्सीची खूण मानली जाते. विकार पूर्ण बरा होत नाही. परंतु ठरावीक वेळी घेतलेल्या छोट्या डुलक्या आणि मोडाफिनिलसारखी औषधे यांनी दिवस सावरता येतो. नैराश्यावरील काही औषधे स्वप्नावस्था दाबून भास व स्नायूंची शिथिलता कमी करतात. ती स्वतःहून एकाएकी बंद करू नयेत, कारण तसे केल्यास स्नायू लुळे पडण्याचे झटके पूर्वीपेक्षा अधिक जोराने उलटतात.