पाण्याखालचे पादत्राण निवडताना

स्कूबा डायव्हिंग आणि स्नॉर्केलिंगची हौस आता शहरी मध्यमवर्गातही रुजली आहे. मात्र मास्कची निवड चोखंदळपणे करणारी मंडळी पायांतील बुटांच्या बाबतीत कमालीची बेफिकीर असतात. पहिली जोडी घेताना नेमके काय पाहावे, याचा हा ऊहापोह.

मालवण-तारकर्ली, गोव्याचे ग्रँड आयलंड, कर्नाटकातील मुर्डेश्वरनजीकचे नेत्राणी बेट आणि अर्थातच अंदमान. सुट्टीत समुद्राच्या तळाशी डोकावून येण्यासाठी मराठी पर्यटक आज या ठिकाणी मोठ्या संख्येने जातात. पहिल्या खेपेस साहित्याचा प्रश्न उद्भवत नाही. किनाऱ्यावरील केंद्र जे देईल ते अंगावर चढवायचे, प्रशिक्षकाचा हात धरायचा आणि पाण्यात उतरायचे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस मात्र स्वतःचे साहित्य असावे असे वाटू लागते. मग मास्क येतो, स्नॉर्केल येते, हौस अधिक असेल तर पायांत घालायचे पंखे, म्हणजेच फिन्सही येतात. बुटांचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो, आणि तोही पुष्कळदा ‘चालून जाईल’ या हिशेबाने.

हा हिशेब महागात पडू शकतो. मास्कमध्ये पाणी शिरले तर ते नाकाने हवा सोडून बाहेर काढता येते; तसे करण्याचे शिक्षणच दिले जाते. चुकीच्या मापाच्या बुटाला असा उपाय नाही. घट्ट बुटात पायाचा रक्तप्रवाह मंदावतो, बोटे बधिर होतात आणि पोटरीत गोळा येतो. सैल बुटात फिन लटपटू लागते, पायाचा जोर वाया जातो, टाचेला फोड येतो. किनाऱ्यापासून दूर, प्रवाहाच्या विरुद्ध पोहण्याची वेळ आल्यावर ही गैरसोय धोक्याचे रूप घेते.

बूट हवेतच कशाला?

मुळात हा प्रश्न फिन्सशी निगडित आहे. फिन्स दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात चपलेसारखे पूर्ण पाऊल रबरी कप्प्यात जाते; ती अनवाणी किंवा पातळ मोजा घालून वापरता येते. दुसऱ्या प्रकारात टाचेचा भाग उघडा असतो आणि मागून पट्टा बसतो. स्कूबासाठी प्रामुख्याने हा दुसरा प्रकार वापरला जातो व त्याला बूट अनिवार्य असतो, कारण उघड्या टाचेवर पट्टा घासून काही मिनिटांतच कातडी सोलवटते. म्हणूनच ज्याला केवळ उथळ, वाळूच्या किनाऱ्यावरून स्नॉर्केलिंग करायचे आहे आणि ज्याच्याकडे पहिल्या प्रकारची फिन आहे, त्याने जाड बूट विकत घेण्याचे कारण नाही. निओप्रीनचे पातळ मोजे त्याला पुरेसे आहेत. विक्रेता काहीही सांगो.

दुसरे कारण किनाऱ्याचे. आपला कोकण किनारा सर्वत्र मऊ वाळूचा नाही. खडकांवर कालवे आणि बार्नेकल यांची पुटे चढलेली असतात आणि त्यांची धार पात्यासारखी असते. खडकांच्या कपारीत सी अर्चिनचे काटे असतात, तर वाळूत अंग पुरून पाकट पडून राहते. बोटीतून थेट खोल पाण्यात उडी घेणाऱ्याला याची झळ कमी. पण किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरणाऱ्याला आणि बाहेर पडणाऱ्याला प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते.

येथे मधुमेही वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. कापलेले कळत नाही. उबदार खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ गटातील जिवाणू आढळतात आणि मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्या व्यक्तीच्या जखमेत त्यांचा शिरकाव झाल्यास संसर्ग वेगाने बळावू शकतो. अशा व्यक्तींसाठी बूट ही हौसेची नव्हे, गरजेची वस्तू आहे. पाण्यातून बाहेर आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह नीट तपासले पाहिजेत. जखमेच्या भोवती लाली आणि सूज वाढू लागली, ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

तथापि बूट म्हणजे चिलखत नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. अर्चिनचा काटा किंवा पाकटाच्या शेपटीची नांगी निओप्रीनमधून आरपार जाऊ शकते. वाळूत पाऊल उचलून टाकण्याऐवजी ते जमिनीलगत सरकवत चालावे. त्या हालचालीने पाकट बहुधा स्वतःच दूर निघून जाते. दंश झालाच तर सुमारे ४५ अंश सेल्सियसपर्यंतच्या, म्हणजे सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा आणि वैद्यकीय मदत घ्यावी. हे विष उष्णतेने निष्प्रभ होते.

निओप्रीनचे गणित

या बुटांचे मुख्य द्रव्य म्हणजे निओप्रीन. १९३० साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत हे कृत्रिम रबर तयार झाले. पाण्यात ऊब टिकवणाऱ्या पोशाखासाठी त्याचा उपयोग करण्याची कल्पना पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी मांडली. निओप्रीनच्या फेसात वायूचे असंख्य बंदिस्त बुडबुडे असतात आणि तेच ऊब राखतात. बुटात पाणी शिरते, शिरू द्यायचेच असते. मात्र ते एकदा शिरून तेथेच थांबले पाहिजे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता खेचून नेते. त्यामुळे सैल बुटातून पाणी सतत ये-जा करू लागले की निओप्रीन कितीही जाड असले तरी त्याचा उपयोग शून्य.

या बुडबुड्यांचा आणखी एक परिणाम आहे, ज्याकडे नवशिक्यांचे लक्ष जात नाही. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. बुडबुडे आकसतात, निओप्रीन पातळ होते आणि वर असताना घट्ट बसलेला फिनचा पट्टा खाली गेल्यावर किंचित ढिला पडतो. स्प्रिंगचा पट्टा ही ढिलाई आपोआप भरून काढतो. साधा पट्टा मात्र आधीच नीट आवळलेला असावा लागतो. उलटपक्षी पृष्ठभागावर पोहणाऱ्याला हेच बुडबुडे अडचणीचे ठरतात. जाड बूट तरंगतात, पाय वर उचलले जातात आणि फिन पाण्याऐवजी हवेतच फडफडते. स्नॉर्केलिंग हाच मुख्य उद्देश असेल तर पातळ बूट घेण्याचे हे सबळ कारण आहे.

मग जाडी किती असावी? सर्वसाधारणपणे २ ते ३ मिलिमीटर, ५ मिलिमीटर आणि ६.५ ते ७ मिलिमीटर अशा तीन जाड्यांत बूट मिळतात. कोकण, गोवा, अंदमान येथील पाणी उबदार असते. तेथे ३ मिलिमीटर पुरतात. ५ मिलिमीटरचे बूट अधिक मऊ व गुबगुबीत वाटतात आणि पुढेमागे थंड पाण्यात जाण्याचा बेत असलेल्यांना ते सोयीचे पडतात. ७ मिलिमीटरचे बूट आपल्या हवामानात निव्वळ ओझे होय.

तळवा, उंची आणि चेन

जाडीपेक्षाही तळव्याचा विचार अधिक करावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. मऊ, पातळ तळव्याचा बूट बोटीवरून उतरणाऱ्यांसाठी ठीक. तो फिनमध्ये सहज जातो आणि सामानातही कमी जागा व्यापतो. खडकाळ किनाऱ्यावरून, पाठीवर सिलिंडरचे वजन घेऊन चालायचे असेल तर मात्र कडक रबरी, खाचा असलेला तळवा हवा. बूट दोन्ही हातांनी पिळून पाहावा. तो पिळलेल्या कपड्यासारखा सहज वळला तर खडक पायाला टोचणार हे नक्की. बोटांच्या पुढे आणि टाचेच्या मागे रबराचे आवरण वर चढलेले असावे, कारण ठेचा तेथेच लागतात. टाचेवर मागे एक छोटा उंचवटा असतो. तो शोभेचा नसून फिनचा पट्टा खाली घसरू नये यासाठी असतो. तो नसेल तर ती जोडी बाजूला ठेवावी. शेवाळलेल्या खडकावर कोणताही तळवा घसरतो, याचाही विसर पडू नये.

उंचीच्या बाबतीत, घोट्याच्या वर जाणारा बूट स्कूबासाठी इष्ट. वेटसूटची बाही जशी हातमोज्यावर येते, तसा त्याचा पाय बुटावर ओढून घेता येतो. घोट्याखालचे आखूड बूट हलके असले तरी त्यांत वाळू व खडे शिरतात. बाजूला चेन असलेला बूट घालण्या-काढण्यास सोपा. चेनच्या आत निओप्रीनची पट्टी आहे ना, हे पाहावे. ती नसल्यास पाणी तेथूनच खेळू लागते आणि चेनचे दात कातडीला बोचतात. चेन प्लास्टिकची, मोठ्या दातांची असावी. शिवण आतून हात फिरवून तपासावी. जाड, उंच शिवण कोरड्या पायाला जाणवत नाही. पाण्याने मऊ झालेल्या कातडीला ती हमखास चावते.

मापाची मेख

संध्याकाळी खरेदीस जावे. दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगलेले असतात. आपल्याकडील मापे ब्रिटिश पद्धतीची. विदेशी कंपन्यांच्या बुटांवर मात्र अनेकदा अमेरिकी क्रमांक असतो आणि पुरुषांच्या मापात तो साधारण एकाने अधिक येतो. आपला ८ क्रमांक म्हणजे त्यांचा ९. अर्धी मापे बहुधा मिळत नाहीत. म्हणून आकड्यावर विसंबून न राहता पाऊल कागदावर ठेवून त्याची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावी. पाऊल रुंद असणाऱ्यांनी तर बूट प्रत्यक्ष घालून पाहिल्याखेरीज घेऊच नये.

घातल्यावर उभे राहावे, दुकानात दहा मिनिटे हिंडावे. बूट सर्व बाजूंनी बिलगलेला हवा. मात्र बोटे दुमडता कामा नयेत आणि ती हलवता आली पाहिजेत. टाचेपाशी किंवा तळपायाच्या कमानीखाली पोकळी राहिली तर तेथे पाणी साचणार. नवा बूट पायात जाता जात नसेल तर पायावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून घालून पाहावा, तो अलगद सरकतो. दोन मापांत संभ्रम असेल तर चिमटा न काढणारे, पण घट्टपणाकडे झुकणारे माप घ्यावे. वापराने निओप्रीन थोडे सैलावते.

फिन आणि बूट एकत्रच घ्यावेत, हा सल्ला तर कोणत्याही दुकानाच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. जाड तळव्याचा बूट अरुंद फिनमध्ये शिरतच नाही. फिन आधीच असेल तर ती पिशवीत घालून दुकानात न्यावी. बुटासह पाय आत सारून, पट्टा लावून, पाय हवेत झटकावा. फिन डुगडुगली तर जोडी चुकली. केवळ किनाऱ्यावर फिरण्यासाठी मिळणारे स्वस्त, पातळ ‘बीच शूज’ आणि डायव्हिंगचे बूट यांत गल्लत होता कामा नये. त्यांच्या टाचेवरून पट्टा घसरतो.

चांगला तळवा पायात आला की खडकांवर मनमुराद चालण्याचा मोह होतो. प्रवाळावर मात्र पाय ठेवू नये. १९८७ पासून मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण आहे. कडक तळव्याच्या एका पावलाखाली जी फांदी मोडते, ती वाढायला वर्षे लागलेली असतात.

वापरानंतर बूट गोड्या पाण्यात खळबळून, उलटे टांगून सावलीत वाळवावेत. उन्हाने निओप्रीन कडक होऊन तडकते आणि वॉशिंग मशिनचे गरम पाणी गोंद सोडवते. चेनवर अधूनमधून मेणबत्ती घासावी, म्हणजे मिठाने ती अडकत नाही. आतील ओल शोषण्यासाठी जुन्या वर्तमानपत्राचे बोळे उत्तम. दर काही तासांनी ते बदलावे लागतात, एवढेच.