रेकॉर्डिंगमधला आवाज सारखा कसा करावा?

निकाहचे शूटिंग करणाऱ्या आपल्या बांधवांना एक तक्रार हमखास ऐकावी लागते. काझीसाहेबांचा खुत्बा कानठळ्या बसवतो आणि नौशाचे 'कबूल है' ऐकूच येत नाही! ज्या एका शब्दासाठी घरच्यांनी रेकॉर्डिंग करवून घेतले तोच हरवला, तर पार्टी पैसे कापणारच.

अनेक जण कॉम्प्युटरवर 'नॉर्मलाइज' करून मोकळे होतात. त्याने हे काम होत नाही. नॉर्मलाइज सगळा आवाज एकाच मापाने वर नेते आणि सर्वांत मोठा आवाज ठरलेल्या हद्दीला टेकला की थांबते. मोठ्या-लहान आवाजातला फरक होता तितकाच राहतो.

फरक कमी करतो तो कॉम्प्रेसर. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये वरची हद्द शून्य डेसिबल असते, बाकी सर्व आकडे उणे. समजा, खुत्बा उणे ८ वर आहे आणि 'कबूल' उणे २२ वर. म्हणजे १४ डेसिबलचा फरक. कॉम्प्रेसरची रेषा (थ्रेशोल्ड) उणे २० वर आणि प्रमाण (रेशो) ३ ला १ ठेवा. खुत्बा रेषेच्या १२ वर होता, तो आता ४ वरच राहील, म्हणजे उणे १६. 'कबूल' रेषेखाली असल्याने त्याला धक्का लागत नाही. फरक उरला ६ चा. मग सगळाच आवाज १० ने वाढवा: खुत्बा उणे ६, 'कबूल' उणे १२. दोन्ही स्वच्छ ऐकू येतात. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे.

मात्र आवाजाबरोबर पंख्याची घरघरही १० ने वाढते, हे बरेच जण विसरतात. म्हणून घरघर आधी कमी करावी, नंतर कॉम्प्रेसर आणि नॉर्मलाइज सर्वांत शेवटी. आवाज एकदम खाली गेलेल्या जागा कॉम्प्रेसरवर न सोपवता आधीच हाताने उचलाव्यात. मशीनवर सगळा भार टाकला की आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो.

खरे काम रेकॉर्डिंगच्या वेळीच होते. मोकळ्या जागेत तोंड आणि माइक यांतले अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो. नौशाच्या शेरवानीला कॉलर माइक लावा, काझीसाहेबांना वेगळा माइक द्या आणि दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या. मोठ्यात मोठा आवाज उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. शून्याला आदळून फाटलेला आवाज पूर्वीसारखा स्वच्छ होणे कठीण. कमी पातळीवर घेतलेला मात्र वाढवता येतो.

दुकानाच्या जाहिरातीची रेकॉर्डिंग रिक्षावर वाजणार असेल, तर आणखी एक करा. भोंगा जाड आवाज नीट काढतच नाही, तेव्हा १०० हर्ट्झखालचा भाग कापून टाका आणि कॉम्प्रेसर थोडा कडक ठेवा. रहदारीत हळू बोललेला भाव कुणालाही कळत नाही.